अंदमानला जाताना बॅगेत काय भरावं? (सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा)

सोनटक्का
३ डिसेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं अंदमानला निघालोय. मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर (आता नाव श्री विजय पुरम झालंय), मग हॅवलॉक बेटावर दोन, नील बेटावर एक आणि परतीच्या आधी पुन्हा एक पोर्ट ब्लेअर. तिकिटं, हॉटेलं, बोटी, सगळं ठरलं. अडलंय ते बॅगेपाशी.

आमच्या घरची सामान भरायची पद्धत गावाला जायची. गाडीच्या डिकीत मावेल तेवढं घ्यायचं. इथे विमानात माणशी १५ किलो, हातातली बॅग ७ किलो, आणि मधे तीन वेळा बोट. आईंचे गुडघे दुखतात, त्या कायम साडी नेसतात आणि पाण्याची त्यांना भीती आहे. तरी ही सहल त्यांच्यासाठीच आहे. सेल्युलर जेल बघायचंय हे मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकतेय. तिथे गेल्यावर त्यांना कशाचीही अडचण होऊ नये, एवढंच मला हवंय.

काय न्यावं, काय अजिबात नेऊ नये, मुंबईत कुठून घ्यावं, सगळं सांगा. अगदी लहान वाटणारी गोष्टही सांगा.

वेसावकर
३ डिसेंबर, रात्री ११.०५

ताई, आत काय भरायचं ते मागाहून बघू. आधी बॅग कुठली ते ठरवा. माझं लहानपण बोटीवर गेलंय म्हणून हे ठासून सांगतो.

चाकांची मोठी बॅग विमानतळाच्या लादीवर पळते, जेट्टीवर तिचं ओझं होतं. बोट लाटेबरोबर खालीवर होत असते, मधे फळी, पुढे माणसं, मागे माणसं. अशा वेळी एक हात कठड्याला आणि दुसरा खलाशाच्या हातात द्यायला मोकळा लागतो. म्हणून सामान पाठीवर हवं. तुम्हा दोघांच्या पाठीवर एकेक सॅक, मुलाला त्याची शाळेची सॅक, आणि आईंच्या हातात काही म्हणजे काही द्यायचं नाही. खांद्यावरून आडवी घालायची छोटी पिशवी तेवढी चालेल. चौघांत मिळून चाकांची एकच मध्यम बॅग ठेवा. उतरताना सगळ्यांच्या बॅगा एका ढिगात असतात आणि झुंबड उडते, तेव्हा तिला लांबून ओळखू येईल अशी रंगीत दोरी बांधा.

दुसरं, नीलला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित तिकडे लावू नका, तिथल्या समुद्राचं वेळापत्रक निराळं आहे. आदल्या संध्याकाळी तिथल्या नावाड्याला किंवा हॉटेलवाल्याला विचारून घ्या. आणि त्या खडकात अंगठ्याची चप्पल घालून कुणालाही उतरवू नका. धारदार प्रवाळ आणि त्यावर शेवाळ. मागून पट्टा आणि रबरी तळवा असलेलंच पायात हवं.

डोंबिवलीकर_काका
४ डिसेंबर, सकाळी ७.२०

सोनटक्का, तुम्ही मुंबईकर आहात म्हणजे निम्मी तयारी तुम्हाला येतेच. ३४ वर्षं मी लोकलने ऑफिसला गेलो. जून ते सप्टेंबर माझ्या बॅगेत जे असायचं तेच मी अंदमानला नेलं आणि काही कमी पडलं नाही. पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा शर्ट, पंचा, पट्ट्याचे पावसाळी सँडल, घडीची छत्री, पाकिटासाठी वेगळी पिशवी. दमट हवा, अंगाला चिकटणारा घाम, न वाळणारे कपडे, यातलं आपल्याला काय नवीन आहे? भर पावसात आपण जीन्स घालून परळच्या पाण्यातून जात नाही. मग तिकडेही जीन्स नेऊ नका. एकदा भिजली की तीन दिवस ओली आणि दोन किलो जड.

पंच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. टॉवेल घरी ठेवा, माणशी दोन पंचे घ्या. एका जाड टॉवेलच्या जागेत चार पंचे बसतात. वाळू झटकली की निघते. पंख्याखाली रात्रीत खडखडीत वाळतो. उन्हात डोक्याला बांधता येतो, बोटीवर वारा लागला की कानाला, मूल झोपलं की अंगावर. दादरला चांगले सुती पंचे मिळतात. घेतल्यावर दोन वेळा धुवून न्या, नवा पंचा पाणी टिपत नाही.

सहा रात्रींना सहा जोड नकोत. अंगावरचा एक आणि बॅगेत तीन पुरतात. रात्री पिळून टाकायचे. त्यासाठी पाच मीटर नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे. हॉटेलात कपडे वाळत घालायला जागा असेल असं धरून चालू नका.

गिरगावची_लेक
४ डिसेंबर, सकाळी ९.४८

पंच्याला अनुमोदन!

चाफ्याची_वेणी
४ डिसेंबर, दुपारी १.३०

आईंच्या साडीबद्दल लिहिते, कारण हे मी स्वतः अनुभवलंय. मी माझ्या आईला घेऊन गेले होते. तीही जन्मभर साडीतच. मी हौसेनं तिला दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले. माझं मन राखायला तिने पहिल्या दिवशी घातला, आणि दिवसभर ओढणी सावरण्यात आणि लोक बघतायत का हे बघण्यात तिचा जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी तिने आपली साडी नेसली आणि माझ्या पुढे चालायला लागली. तेव्हा आईंना विचारा, पण आग्रह करू नका. ज्या कपड्यात जन्म काढला त्याच कपड्यात माणूस नीट तोल सांभाळतो.

साडी मात्र निवडून न्या. कॉटनची साडी कितीही आवडती असली तरी नको. ओली झाली की जड होते, पायाला गुंडाळते, आणि फळीवरून जाताना तेच धोक्याचं. साध्या सिंथेटिक, अंगावर वाळणाऱ्या तीन साड्या. परकरही पातळ पॉलिस्टरचा, नाहीतर वरून साडी कोरडी आणि आत परकर ठिबकतोय असं होतं. नेसताना घोट्याच्या चार बोटं वर. पदराला आणि निऱ्यांना पिना लावत असतील तर गंज न धरणाऱ्या घ्या. खाऱ्या हवेत साध्या पिनांचे डाग माझ्या आईच्या दोन साड्यांवर पडले, ते गेलेच नाहीत.

आणि चप्पल! आईने 'बाहेरगावची' म्हणून चार वर्षं पेटीत जपून ठेवलेली सँडल आणली होती. दिसायला नवी कोरी. नीलच्या खडकात गेलो आणि तळवा अख्खा सुटून आला. ठेवून ठेवून डिंक मरतो. मला तिला पाठीशी धरून परत आणावं लागलं, आणि ती कमान तिची राहिली ती राहिलीच. अजून ते मनाला लागतं. कृपा करून आईंना आत्ताच सँडल घेऊन द्या आणि महिनाभर रोज भाजी आणायला, देवळात, सगळीकडे तीच घालायला लावा. पायाला सवय होईल, आणि तुटायची असेल तर मुलुंडलाच तुटेल.

स्टेथोस्कोप
४ डिसेंबर, रात्री ८.१५

मी फॅमिली डॉक्टर आहे. सर्वसाधारण लिहितो, आईंच्या आणि मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. पूर्ण सहलीची औषधं हातातल्या बॅगेत, आणि तीन दिवसांची आणखी एक पुडी दुसऱ्या कुणाच्या तरी सामानात. एका प्रवासात माझीच चेक-इन केलेली बॅग दुसऱ्या दिवशी पोहोचली होती आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात होत्या. तेव्हापासून हा नियम मी पेशंटना पाळायला लावतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो आणि कागदाची एक प्रत. कुणी इन्सुलिन घेत असेल तर तेही हातातच. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.

बोट लागणं. आपल्याकडे प्रोमेथाझिनची गोळी सर्रास घेतात. बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतली तर उपयोग, उलट्या सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते. ज्यांना काचबिंदू आहे किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडतं, त्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. आईंचे डोळे तपासलेले आहेत ना ते बघा. मुलाचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून. ज्यांना गोळी नको त्यांना आलेपाक जवळ ठेवायला हरकत नाही. बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खाली. पोट रिकामंही नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलंही नको.

बाकी ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, कॅलामाइन लोशन, पोव्हिडोन आयोडिन, चिकटपट्टी. प्रवाळाने कापलं तर जखम साधी समजू नका. आत बारीक कण राहतात आणि ती लवकर भरत नाही. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायची. कुणी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेत असेल तर उन्हाने कातडी फार लवकर भाजते, हे ध्यानात असू द्या.

चष्मा कुणाकुणाला आहे? कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नये, डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नंबरची काच असलेला स्नॉर्कलिंगचा (पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचा) मुखवटा मिळतो का ते आधी फोन करून विचारा. चष्म्याला मागून दोरी लावा, आणि जुन्या नंबरचा का होईना दुसरा चष्मा बरोबर हवाच.

नवरा स्कूबा करणार असेल तर दमा, रक्तदाब, कानाचं दुखणं काहीही फॉर्मवर लपवायचं नाही, आणि डाइव्हनंतर निदान १८ तास विमान नाही. तुमची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला आहे, म्हणजे ते आपोआप जमतंय.

सोनटक्का
५ डिसेंबर, सकाळी ६.५५

एका दिवसात इतकं! मनापासून आभार. काल रात्री आईंना सगळं वाचून दाखवलं. चाफ्याची_वेणी, तुमच्या आईंचं ऐकून त्या गप्प झाल्या, आणि सकाळी उठल्या उठल्या म्हणाल्या, 'चल, सँडल बघून येऊ.' काचबिंदूचंही विचारते, डॉक्टरसाहेब. ही गोष्ट आम्हाला सुचलीच नसती.

मला आणि मुलाला चष्मा आहे. आणखी दोन प्रश्न. सनस्क्रीन कुठलं? आणि खायला किती न्यायचं? आई बाहेरचं फारसं खात नाहीत.

ओहोटी_पाहणारी
५ डिसेंबर, सकाळी ११.२०

सनस्क्रीनवर मी थोडं सविस्तर लिहू का? समुद्रजीव हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि प्रवाळांबद्दल मला फार वाटतं.

ज्या रंगीत बागा बघायला आपण तिथे जातो तो प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्यांच्या शरीरात राहणारं शैवाल निघून जातं आणि ते पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं, तसं १९९८ आणि २०१६ मध्येही. आधीच ताणाखाली असलेल्या या जिवांवर आपण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन अंगाला चोपडून उतरतो. अमेरिकेतल्या हवाई राज्याने या दोन रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली. पलाऊ या बेटांच्या देशाने त्याच्या आदल्या वर्षी अशा घटकांवर बंदी आणली. घेताना मागचं लेबल वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या. चेहरा थोडा पांढरा दिसेल, दिसू द्या.

त्याहून चांगला उपाय म्हणजे कपडा. लांब बाह्यांचा, गळ्याशी मिटलेला पोहण्याचा टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट. मुलाला तर हेच घाला. स्नॉर्कलिंग करताना पाठ तासभर वर असते आणि पाणी गार लागतं म्हणून भाजतंय ते कळत नाही. रात्री कळतं. अंदमान आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या बरंच जवळ आहे, जानेवारीचं ऊनही हलकं समजू नका. एवढं कापडाने झाकलं की सनस्क्रीन फक्त चेहरा, मान आणि पावलांना लागतं.

पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या माणशी एक. पोर्ट ब्लेअरहून जॉली बॉय बेटावर जाणार असाल तर तो भाग महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि प्लास्टिक बरोबर नेऊ देत नाहीत. तसंही, बेटावर टाकलेलं प्लास्टिक जायला जागाच नाही. शॅम्पूच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टनं, सगळं एका पिशवीत साठवून परत मुंबईला आणा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मुलाला निघायच्या आधीच सांगून ठेवा की शंख-शिंपले आणि प्रवाळाचा तुकडा उचलायचा नाही, मेलेला पांढरा तुकडासुद्धा नाही. सगळं प्रवाळ आणि बरेच शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. परतताना विमानतळावर बॅग तपासतात आणि तिथे मूल रडायला लागतं. दुकानातून शंखाची वस्तू घेतलीत तर पावती जपा. त्याला आवड असेल तर वही आणि रंगीत पेन्सिली द्या, दिसलं ते काढू दे. आणि परत आल्यावर आपल्या हाजी अलीच्या नाहीतर वरळीच्या खडकांवर ओहोटीला घेऊन जा. तिथेही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामात त्यातल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मुंबईच्या मुलाला हे माहीत असायला हवं.

गिरगावची_लेक
५ डिसेंबर, दुपारी २.१०

खाण्याचं मी सांगते. तिकडे डाळभात, पोळी, दाक्षिणात्य नाश्ता सगळं मिळतं, त्यामुळे अख्खं स्वयंपाकघर नेऊ नका. पण दोन प्रसंगी जवळचं लागतं. पहाटे निघायचं असतं तेव्हा, आणि बोट उशिरा असते तेव्हा. मेथीचे ठेपले तीन दिवस टिकतात, पुढच्या दिवसांना खाकरे आणि गूळपापडी. भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट छोट्या डब्यांत. आईंना गरम भात आणि मेतकूट मिळालं की जेवण झालं. आमसुलं न्या मूठभर. उन्हातून आल्यावर पाण्यात कुस्करायची, मीठसाखर घालायची. चिवडा नको, दमट हवेत तासात सादळतो.

सुकं खोबरं मात्र बॅगेत टाकू नका, चटणीसाठी म्हणून अख्खी वाटी तर नाहीच. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात आणि विमानतळावर काढून घेतात. आईंना समुद्राला नारळ वाहायचा असेल तर तिथे नारळांना तोटा नाही.

भटका_ठाणेकर
५ डिसेंबर, रात्री १०.४०

टॉर्च! अजून कुणीच लिहिलं नाही. घड्याळ आपलंच, पण अंदमान आपल्या पूर्वेला २० रेखांश. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो, तिकडे पावणेसहाच्या सुमारास. आणि मावळतो सव्वापाचला. हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला पाच वाजता आरामात पोहोचू म्हणाल तर चुकेल. सहाला मिट्ट काळोख. किनाऱ्यावरून रस्त्यापर्यंत येताना आईंच्या पायापुढे उजेड हवा. एक टॉर्च नवऱ्याकडे, एक तुमच्याकडे.

रोख पैसेही पुरेसे. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, इंटरनेट बरंच सुधारलं, तरी नीलच्या टपरीवर मोबाइलने पैसे जातीलच याची खात्री धरू नका. पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा जास्त.

बाराटांग बेटावर जाणार असाल तर बरोबर काय न्यायचं यापेक्षा काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पोलिसांच्या ताफ्याबरोबर गाड्या सोडतात, वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही. ती त्यांची जमीन आहे आणि आपण तिच्यातून जातोय, एवढं मुलाला सांगितलं तर तो समजून घेईल. पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं, मग होडी, मग चिखलातून चालत चुनखडीच्या गुहा. आईंच्या गुडघ्यांना मी हा दिवस सुचवणार नाही.

ओळखपत्रं मूळ आणि चार-पाच झेरॉक्स. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही.

कडमत
६ डिसेंबर, सकाळी ८.०५

कुणी हाच धागा वाचून लक्षद्वीपची तयारी करणार असेल तर एक फरक. तिथे भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो बॅगेच्याही आधी. वस्तीच्या बेटांवर अंगभर कपडे घालावेत, आणि दुकानं मोजकीच, तेव्हा औषधं आणि सनस्क्रीन इथूनच पूर्ण न्यावं. बाकी वर सगळ्यांनी लिहिलंय ते लागू.

परळची_मुलगी
६ डिसेंबर, दुपारी १२.२५

खरेदीबद्दल. गळ्यात अडकवायचा मोबाइलचा वॉटरप्रूफ पाऊच जूनमध्ये प्रत्येक स्टेशनबाहेर टांगलेला असतो, डिसेंबरमध्ये शोधावा लागतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बघा. घेतल्यावर लगेच मोबाइल घालू नका. आत टिश्यू पेपर ठेवून पाऊच अर्धा तास बादलीत बुडवा, वर वाटी ठेवा. कागद कोरडा निघाला तरच विश्वास. पोहण्याचे लांब बाह्यांचे टी-शर्ट खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत मुलांच्या मापाचेही मिळतात. वाढत्या अंगाचा घेऊ नका, पाण्यात ढगळ कपडा फुगतो आणि वर सरकतो.

ओल्या कपड्यांसाठी दोन जाड पिशव्या वेगळ्या. आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली, झाकणाला टेप लावून. किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या असतात. संध्याकाळी पायांना तेलाचा जाड हात फिरवला की कमी चावतात, असा माझा तरी अनुभव. चावल्या तर खाजवायचं नाही, आठवडाभर जात नाही ते.

सोनटक्का
२५ जानेवारी, रात्री ९.३०

परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

चाकांची एक बॅग, तीन सॅक आणि आईंची आडवी पिशवी. हॅवलॉकच्या जेट्टीवर उतरताना बोट चांगलीच हलत होती. आईंनी एका हाताने कठडा धरला, दुसरा खलाशाला दिला आणि उतरल्या. वेसावकर, त्या क्षणी तुमचीच आठवण झाली. त्यांच्या हातात पिशवी असती तर काय झालं असतं ते मी बघितलं, कारण पुढच्या बाईंची पिशवी पाण्यात गेली.

डॉक्टरांनी तपासून गोळीला हो म्हटलं होतं. आई जाताना झोपून गेल्या. मुलाला पहिल्या फेरीत त्रास झाला, मी त्याला गोळी द्यायला उशीर केला होता. पुढच्या दोन्ही वेळी वेळेवर दिली, काही झालं नाही. दोन पाऊच आणले होते त्यातला एक घरी बादलीतच गळला, तो परत केला. पंचे आठ नेले, आठही रोज वापरले. नीलची कमान आईंनी बघितली. ओहोटी सकाळी होती, नावाड्याने सांगितलेल्या वेळेला गेलो, हात धरून हळूहळू. चाफ्याची_वेणी, तिथे पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, 'त्या बाईंच्या आईलाही माझ्याकडून बघितलं म्हणून कळव.' म्हणून कळवतेय.

मुलाने वहीत अकरा मासे आणि एक समुद्रकाकडी काढलीय. एकही शिंपला आणला नाही. पुढच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीला जायचं ठरलंय.

जास्तीचं काय झालं? माझे दोन ड्रेस, नवऱ्याचे बूट, आणि केस वाळवायचं यंत्र. कमी पडलं ते फक्त खोबरेल तेल.

सेल्युलर जेलला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सातपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. मी आईंना म्हटलं, खालून नमस्कार करू या. त्या घडीची छत्री काठीसारखी टेकत एकेक पायरी चढल्या, मधे तीनदा थांबल्या. कोठडी असेल साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. झरोका इतका उंच की त्यातून आभाळाचा तुकडा सोडून काही दिसत नाही. आईंनी सँडल बाहेर काढली, आत गेल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मग आडव्या पिशवीतून ओल्या पंच्याची गुंडाळी काढली. आत शेवंतीची वेणी होती. मुलुंडच्या बाजारातून निघायच्या आदल्या संध्याकाळी घेतलेली, आम्हाला कुणाला न सांगता. ती त्यांनी कोठडीच्या उंबऱ्याशी ठेवली.

तर काका, पंच्याचा हा आणखी एक उपयोग. ओला करून घट्ट पिळायचा, फुलं सैल गुंडाळायची, रात्री पुन्हा भिजवायचा. घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी वेणीची एकही पाकळी काळी पडली नव्हती.

वेसावकर
२५ जानेवारी, रात्री १०.०२

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.